सहीचं राज्य

टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाल्यावर कुसुमावतींनी कादंबरी लिहायला घेतली. घरात पिढ्यान्पिढ्या मराठी, शाळा मात्र सगळी कन्नड. तरी पहिलं वाक्य मराठीत सुचलं, म्हणून मराठीतच लिहीत गेल्या. शब्द अडला की कन्नड घालून पुढं. त्यांच्या कादंबरीतल्या राज्यात बायकांना सही करायला बंदी होती. नोकरी असो, प्रवास असो, घरच्या पुरुषाची सही हवी.

वर भाड्यानं राहणारी ईश्वरी पुण्याची. हेब्बाळला कामावर जाताना कंपनीच्या बसमध्ये ती प्रकरणं वाचायची.

"काकू, एवढी हुकूमशाही आणि पोलीस कुठंच नाहीत?"

"पोलीस कशाला गं? घरोघरी एक सही करणारा असला की झालं, अल्वा, नाही का?"

कुसुमावतींचे यजमान सुब्बराव पेपराशिवाय काही वाचत नसत. एका सकाळी टेबलावरचं चौथं प्रकरण त्यांनी सहज उचललं. त्यात एका ऑपरेटर बाईला बढती मिळते, आणि तिला न विचारता नवरा सरकारला लिहितो : 'घरगुती कारणामुळे माझी पत्नी ही बढती घेऊ शकत नाही, असे कळवतो.'

कागद घेऊन ते स्वयंपाकघरात आले. "हे तर मी लिहिलेलं."

"हो. बढतीवर माझी बन्नूरला बदली झाली त्या वेळी. साहेबांनी ते पत्र दाखवलं होतं मला." कुसुमावती नारळ खवत होत्या.

"तीस वर्षं झाली. तुला एवढं लागलं होतं?"

"तेव्हा विचारलंत कुठं? आज विचारताय."

सुब्बरावांनी कागद पुन्हा एकदा वाचला.

"काढणार नाहीस हे?"

"नाही."

"मग पुरतं लिही. 'नम्रपणे कळवतो' असं होतं त्यात. 'नम्रपणे' राहिलंय." त्यांचा आवाज खाली आला. "चुकलं माझं, कुसुमा."

कुसुमावतींनी हात पुसले, पेन आणलं आणि तो शब्द घातला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण वाक्य आता कसं धारदार झालं होतं!

रविवारी ऑफिसातल्या मैत्रिणीकडे, अंबुजाकडे, त्यांनी ते वाचून दाखवलं. पंधरा बायका होत्या. 'नम्रपणे'ला सगळ्या खो खो हसल्या.

"तिला पळून जाऊ दे," कुणीतरी म्हणालं.

"छे! तिथंच राहून फोनच्या सगळ्या लायनी तोडू दे," अंबुजा म्हणाली.

दोन तास वाद चालला. उप्पिट्टू गार झालं. कुसुमावती घरी आल्या तेव्हा घसा पार बसला होता.

"काय म्हणाल्या?" सुब्बरावांनी विचारलं.

"उद्या सांगते," त्या कशाबशा म्हणाल्या, आणि पंखा लावून समाधानानं आडव्या झाल्या.