तळ्याकाठचा रविवार

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. घरात पिशव्या साठतात तसे ते आपोआप साठतात! सेलूच्या पुढं, टेकडीखाली तळ्याला लागून एक लहानसं गोल्फ कोर्स आहे. आम्ही चौघं दर रविवारी वर्ध्याहून तिथं जायचो. आता गुडघ्यांनी माझं जाणं बंद केलंय. पण कुणी विचारलं, "आम्ही चाललोय, काही टिप्स?" की मी टिप्स सांगायला बसतो आणि निघतात किस्सेच.

* * *

पहिली टिप बुटांची. आमचे राऊतभाऊ पवनारचे शेतकरी. पहिल्याच दिवशी चपला घालून आले. मॅनेजरनं गेटवर अडवलं, "बूट पाहिजेत."

"बाप्पा! गवतावरच चालाचं आहे ना? माह्या वावरात तं मी कोणालेच अडवत नाई!"

शेवटी सेलूच्या बाजारातून शाळेच्या पीटीचे पांढरे बूट आणले. तेच घालून भाऊ आम्हाला वर्षानुवर्षं हरवत राहिले.

* * *

तळ्यावरून चेंडू मारायचा तिथं जास्तीचे चेंडू जवळ ठेवा. काळेसर गणिताचे रिटायर्ड मास्तर. वारा बघायचे, कोन बघायचे, मारायचे... आणि डुबुक! एका सकाळी एकामागून एक सगळे पाण्यात गेले.

"सर, आता थांबा," राऊतभाऊ गंभीरपणे म्हणाले, "तळं भरून राह्यलं!"

सर इतके हसले की गवतावर बसलेच. तसं हसणं मी नंतर कुठंच ऐकलं नाही.

* * *

वानरांपासून जपा. आमच्या डॉक्टर मॅडम सावंगीच्या हॉस्पिटलात असतात, पेशंटला भूल द्यायचं काम. एकदा त्यांचा चेंडू होलच्या तोंडाशी थांबला. तेवढ्यात वानर आलं, चेंडू उचलला आणि झाडावर!

राऊतभाऊ वर बघत म्हणाले, "मॅडम, याले भूल द्या ना!"

* * *

मोबाईल बंद ठेवा. मॅडमना ते कधी जमलं नाही. फोन आला की खेळ टाकून पळायच्या. एका रविवारी मात्र फोन वाजलाच नाही. पलीकडच्या काठावर पळस फुलला होता. मॅडम बाकावर बसून राहिल्या.

"मॅडम, आता तुम्ही मारा," मी म्हणालो.

"तुम्ही खेळा. मला बसू द्या. इथं कुणाला झोपवायचं नाही."

आम्हीही मग खेळलो नाही. नुसतं पाणी बघत बसलो.

* * *

काळेसरांच्या पत्नी वारल्या, आणि मुलगी त्यांना कायमची बंगळुरूला घेऊन जाणार होती. घराचा सौदा झाला होता. सर जायच्या आधीच्या रविवारी आम्ही चौघं खेळलो. शेवटच्या होलवर सरांचा चेंडू वीतभर अंतरावर येऊन थांबला. हलका धक्का दिला की झालं!

सर चेंडूजवळ उभे राहिले. मग तळ्याकडे बघत राहिले. मग काठी बॅगेत ठेवली.

"सर, मारा ना," राऊतभाऊ म्हणाले.

"राहू दे. डाव पुरा झाला तं मी परत काऊन येईन?"

आणि सर गाडीकडे निघाले.

मागून दुसरा ग्रुप येऊन थांबला होता. त्यातल्या एकानं हाक मारली, "भाऊ, तुमचा चेंडू राहिला!"

राऊतभाऊंनी मान फिरवून डोळे पुसले आणि म्हणाले, "जरा बाजूनं खेळजा जी. तो आमच्या सरांचा आहे."