साखर कोणी घातली

कराराचा कायदा नवा होता त्या वर्षांत मी ठाण्याच्या एका साप्ताहिकात बातमीदार होतो. मोडलेल्या सोयरिकींचे दावे कोर्टात येऊ लागले होते आणि नाटकमंडळ्यांनी लगेच त्यांचे फार्स बसवले. नवरीचा बाप वकिलाचे पाय धरतो, नवरदेव बाकाखाली लपतो, न्यायाधीश डुलक्या घेतो. लोक पोट धरून हसत.

त्याच सुमारास बाळकुमच्या एका विधवेने असाच दावा लावला होता. बाई मिठागरावर राबणारी. मुलीची सोयरीक खाडीपलीकडच्या घरी ठरली, साखरपुडा झाला. पुढे त्या लोकांना अधिक बरे स्थळ मिळाले. मुलाचा चुलता घरातला कर्ता. त्याने कोर्टात सांगितले की साखरपुडा झालाच नाही. नुसती बोलणी झाली आणि मुलीत खोट दिसली म्हणून ती थांबली. खोट कोणती, हे त्याने सांगितले नाही. त्यामुळे ती गावोगाव वाढत गेली. मुलीला दुसरे स्थळ येईना. साखरपुड्याला बसलेल्या पंचांपैकी बहुतेक चुलत्याच्याच मिठागरावर कामाला होते. त्यांना काही आठवेना.

वकील बाईला म्हणाले, "सोडून द्या. लोक हसतात हो."

"हसूं देत. पोरीच्या तोंडात घातलेली साकर परत निघते काय?"

एका रविवारी दुपारी तलावाकाठच्या मांडवात फार्स लागला. मी बातमीसाठी गेलो होतो. दावा गावात गाजत होता, म्हणून विदूषकाने नवरीच्या आईला मीठवाली केले होते. चुलता मित्रांना घेऊन पुढच्या खुर्च्यांवर बसला होता. विधवा मागे, बायकांच्या जाजमावर. डोक्यावर पाटी घेऊन विदूषक नाचला. "मीठ घ्या, मीठ! पायलीमागं पोरगी फुकट!"

शेजारीण विधवेला म्हणाली, "चल गं, घरा जाव."

"तिकीट काढलंय," ती म्हणाली, आणि बसून राहिली.

मग साखरपुड्याचा प्रवेश आला. रंगमंचावरच्या भटाने नवरीच्या तोंडात साखर घातली. खाडीकाठच्या त्या गावांत हा मान भटाचा नसतो, मुलाच्या घरातल्या वडीलधाऱ्याचा असतो. चुलता ताडकन उभा राहिला.

"अरे ए, भट कशाला घालतंय साकर? ती पोराच्या चुलत्यानं घालायची! मी सोता घातली तिच्या तोंडात, इचार जा बाळकुमात!"

विदूषकाने हात जोडले. "काका, या की वर! चुलत्याची जागा आमच्याकडे रिकामीच आहे."

मांडव हसला. चुलताही हसला, आपण काय बोलून बसलो ते त्याच्या ध्यानात आले नव्हते. मागून विधवा उभी राहिली. "आयकलंत ना सगल्यांनी? आता हसा पोटभर." लोक हसले, पण या वेळी चुलत्याकडे बघून.

चुलत्याचे साखरेचे वाक्य मी जसेच्या तसे छापायला दिले. दोन प्रतिष्ठित गृहस्थ संपादकांकडे आले. थट्टेच्या जागी निघालेले बोलणे छापणे सभ्यपणाला धरून नाही, असे त्यांचे म्हणणे. मी म्हणालो, "त्या बाईची थट्टा तिकीट लावून चालली होती, तेव्हा आपण पहिल्या रांगेत होता." मजकूर छापला गेला.

पुढे मला साक्षीला बोलावणे आले. उलटतपासणीत चुलत्याच्या वकिलाने विचारले, हे बोलणे विनोदातले नव्हे काय? मी सांगितले, विनोद नाटकमंडळीचा होता. हे गृहस्थ त्यातली चूक दुरुस्त करत होते, आणि रागात होते.

पुढच्या तारखेला कोर्टाच्या आवारात चुलत्याने समेट मांडला. मुलगी घरात घेतो, लग्न याच महिन्यात लावतो, दावा काढून घ्या. बाईचे वकील खूश झाले. "बाई, याहून आणखी काय हवं?"

"पोर त्यांना द्यायची नाय. जज सायबाला लिवाया सांगा, साकरपुडा झालेला, नि पोरीत खोट नाय. भरपाई पन नको."

"अहो, मग दावा लावलात कशासाठी?"

"तेच सांगतंय मी पयल्या दिसापासून."

साखरपुडा झाला होता आणि खोटीला काडीचा पुरावा नाही, असे न्यायाधीशांनी निकालात लिहिले. ती दोन वाक्ये आम्ही पहिल्या पानावर घेतली, नाटकांच्या जाहिरातींच्या वर.