दोन मिलिमीटर मागे

“दिसलं, का वाटलं?” मावशींनी असं विचारलं की समोरचा माणूस निमूटपणे पुन्हा भिंगाला डोळा लावायचा.

अकोल्याच्या आमच्या कीटक प्रयोगशाळेत त्या परिचर होत्या. काचा पुसणं, किडे टाचणीला लावणं, पेट्यांत डांबराच्या गोळ्या ठेवणं ही त्यांची कामं. पदराला कायम दोन-चार टाचण्या टोचलेल्या असायच्या. प्रत्येक कार्यालयात असं एक माणूस असतं, तुम्हीही पाहिलं असेल: पगार सगळ्यांत कमी, पण अडलं की साहेबसुद्धा त्यालाच हाक मारतात.

मी तिथे नवा छायाचित्रकार होतो. त्याच वर्षी कार्यालयात पहिला डिजिटल कॅमेरा आला. बटण अर्धं दाबलं की तो ‘पिक’ करायचा. फोकस झाला असं आपण समजायचं. त्या कॅमेऱ्याने मी कपाशीवरच्या पिठ्या ढेकणाचा फोटो काढला, आणि त्याला खाणाऱ्या ढालकिड्याच्या अळीचाही. दोघंही पांढरे, दोघंही तांदळाच्या कणीएवढे. एक शत्रू, एक मित्र. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो छान दिसले. पोस्टर छापून गावोगाव गेलं.

ते कापसाचे वाईट दिवस होते. एक फवारणी चुकली तरी हंगाम हातचा जायचा.

महिन्याभराने दर्यापूरकडची एक शेतकरीण पिशवीत कपाशीची पानं घेऊन आली. “पोस्टरवर पाहून दोनदा फवारलं जी. तरी ढेकूण वाढूनच राहिला.” मावशींनी पानावरच्या मेलेल्या अळ्या भिंगाखाली धरल्या. मग हळूच म्हणाल्या, “बाई, हे तुये राखणदार होते.”

ती बाई पिशवीची गाठ मारत राहिली, सोडत राहिली.

ती गेल्यावर मावशींनी पोस्टर टेबलावर पसरलं. दोन्ही फोटोंत मागच्या पानाची लव स्वच्छ उमटली होती. किडे मात्र दोन्हीकडे सारखेच, कापसाच्या बोळ्यासारखे धूसर. माझे डोळे भरून आले.

“रडून फोटो साफ होत नाही भाऊ,” त्या म्हणाल्या. “उद्या लवकर ये.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेची फूटपट्टी मातीच्या गोळ्यात तिरकी रोवून ठेवली होती. पंधराच्या खुणेवर काळा दोरा गुंडाळलेला. “दोऱ्यावर नेम धर. काढ.” मी फोटो काढला. त्यांनी लेन्ससमोर तळहात धरला, म्हणजे कॅमेऱ्याने पहिलं विसरून नव्याने शोधावं. “पुन्हा.” असे चाळीस फोटो हातभर अंतरावरून, चाळीस वीतभर अंतरावरून. मग एकेक फोटो संगणकावर मोठा करून कोणती खूण सगळ्यांत रेखीव आली ते त्या वहीत लिहीत गेल्या.

हातभर अंतरावर कॅमेरा नेमका दोऱ्यावर होता. वीतभर अंतरावर आला की जवळजवळ दर वेळी दोन मिलिमीटर मागे जायचा. किडा होता तीन मिलिमीटरचा.

“थो पिक म्हणते,” मावशी म्हणाल्या, “म्हणजे त्यानं पाह्यलं असं नाही. फोकस बांधून टाक अन् तूच पुढे सरक, केसभर. श्वास रोखून.”

तीन दिवस मी श्वास रोखत होतो. चौथ्या दिवशी अळीच्या अंगावरचे लांब पांढरे धागे एकेक मोजता आले. ढेकणाची झालर आखूड होती. आता दोघं वेगळे दिसत होते.

साहेब म्हणाले, जुनं पोस्टर काय वाईट आहे? मावशींनी ते त्यांच्यापुढे धरलं. नावं तळहाताने झाकली. “मित्र कोणता, सायेब?” साहेबांनी ऐटीत बोट ठेवलं. मावशींनी हात काढला. साहेबांनी चष्मा पुसला आणि नव्या पोस्टरच्या कागदावर सही केली.

पहिली प्रत घेऊन आम्ही दोघं एसटीने त्या गावाला गेलो. वाटेत मी विचारलं, “मी काय बोलू तिथं?”

“जे झालं थे सांगायचं. मंग तिले बोलू द्यायचं.”

मी सांगितलं. फोटो माझा होता, चूक माझी होती. त्या शेतकरणीने मला बसा म्हटलं नाही. पोस्टर घेऊन ती तशीच शेताकडे चालू लागली, आम्ही मागे. धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून असलेल्या झाडावर थोड्या अळ्या उरल्या होत्या. मावशींनी गळ्यातलं भिंग काढून तिच्या हातात दिलं. बराच वेळ ती वाकून पाहत होती.

“हे तर पयतात,” ती म्हणाली. “ढेकूण जागचा हालत नाही.” मग माझ्याकडे न बघता, “आता यायले मी राखते.” निघताना तिने आम्हाला चहा दिला. भिंग मावशींनी परत मागितलं नाही.

निवृत्तीनंतर मावशी अमरावतीला भावाकडे राहायला गेल्या. काही वर्षांनी त्या भावाचाच फोन आला. मावशी गेल्या होत्या. रविवारी पुण्यानुमोदन, म्हणजे श्रद्धांजलीचा कार्यक्रम होता, आणि समोर ठेवायला घरात धड फोटो नव्हता; होता तो नोकरी लागतानाचा, चेहरा पुसट झालेला. “तुमच्यापाशी असन एखादा. तुमी तं रोज फोटो काढत होते.”

मी तीन दिवस सगळ्या डिस्क धुंडाळल्या. हजारो किडे, त्यांचे पाय, पंख, डोळे. मावशी कुठेच नव्हत्या. मी तसं फोनवर सांगितलं. 

“असू द्या,” भाऊ म्हणाले. “ते कोनाच्या समोर उभीच राहत नव्हती. बाजूले राहे.”