नळीत ठोकलेली खुंटी

बेलवलीतले महेंद्र गायकवाड म्हणजे कारखान्यातून निवृत्त झालेले, फार टापटिपीचे गृहस्थ. माळ्यावरच्या गिझरच्या बारीक नळीतून पाणी ठिबके आणि ओघळ शेजारच्या पत्र्याच्या पेटीकडे जाई. पेटीत त्यांच्या पत्नी यशोधराबाईंची वही होती, त्यांनी स्वतः रचलेल्या भीमगीतांची. बाई गेल्या, पण त्यांनी ठेवलेली पेटी जागची हलवणं महेंद्ररावांच्या जिवावर येई. म्हणून त्यांनी नळीतच लाकडाची खुंटी ठोकली. आठ दिवस थेंब पडला नाही. नवव्या दिवशी गिझरची टाकी फुटली आणि पेटी गरम पाण्याने भरली.

कॅम्प चार वस्तीतला प्लंबर लालचंद खुंटी उपसून म्हणाला, "काका, ही नळी गळायलाच ठेवलेली असते! आतला दाब जाणार कुठे? एवढे हुशार तुम्ही, एक फोन तर मारायचा!"

महेंद्ररावांनी वही उघडून त्याच्यापुढे धरली. अक्षरं विरघळून सगळी पानं निळी झाली होती.

"काकूंची गाणी?" लालचंदचा आवाज उतरला. "तुम्हाला पाठ असतील ना?"

महेंद्रराव आठवू लागले. बाई गायला बसल्या की ते टीव्हीवरच्या बातम्यांचा आवाज वाढवत. त्यांना एकही ओळ आठवेना.