यांच्यासाठी घेतलेला पट्टा

यांची अँजिओप्लास्टी झाली आणि घरी सोडताना डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावलं. म्हणाले, "औषधं आपलं काम करतील. पण रोज अर्धा तास चालायलाच पाहिजे. नाही चालले तर पुढच्या वेळी इथपर्यंत आणायला वेळ मिळेलच असं नाही." हे सगळं मला सांगितलं, यांना नाही. यांना आत जाऊन फक्त म्हणाले, "काका, जरा फिरत जा." यांनी मान डोलावली आणि भीती सगळी माझ्या वाट्याला आली.

तेव्हा माझ्या नोकरीची दोन वर्षं उरली होती. मुलींच्या शाळेत सातवीला मराठी शिकवत होते. हे कचेरीतून निवृत्त झालेले. गल्लीतल्या महादेवाची पहाटेची पूजा यांच्या घराण्याकडे, ती तेवढी करायची, मग पेपर, मग जेवण, मग झोप. संध्याकाळी पाच वाजता तळ्याकडे फिरायला जातो म्हणून निघायचे. मी साडेपाचला शाळेतून यायची. त्यामुळे हे खरंच फिरतात की कट्ट्यावर जाऊन बसतात, हे बघायला मी कधीच नसायची.

"चाललात का आज?"

"चाललो की."

"किती?"

"भरपूर."

या माणसाचं भरपूर म्हणजे किती, हे मला लग्न झाल्यापासून कळलेलं नाही. भाजीला मीठ भरपूर म्हणतात तेव्हा ते कमी असतं. रोज तेच विचारायचं, रोज तेच उत्तर ऐकायचं आणि कणीक मळायला लागायचं. मला अगदी वीट आला होता. पण विचारलं नाही आणि काही झालं तर, असं मनात यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची.

लेक पुण्याला असते. तिला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, एक साधा फिटनेस बँड घे. हातात घालायचा. किती चालले ते आपोआप कळतं. भांडायला नको." भांडायला नको एवढं ऐकूनच मी तयार झाले.

शाळेत विषय काढला आणि पस्तावले. खेळाच्या सरांनी मधली सुट्टी संपेपर्यंत व्याख्यान दिलं. इंग्रजीच्या बाईंनी स्वतःचं घड्याळ काढून दाखवलं, त्यात म्हणे हवामानसुद्धा कळतं. मी म्हटलं, बाई, एप्रिलात सोलापुरात दाराबाहेर पाऊल टाकलं की हवामान कळतं, त्याला घड्याळ कशाला? मला हवं होतं ते एवढंच. पावलं मोजावीत, नाडी दाखवावी, आकडे मोठे असावेत, कारण हे चष्मा कुठंही विसरतात, आणि रोज चार्ज करायला लागू नये. मोबाइल चार्जिंगला लावायची आठवण मीच करायची, त्यात आणखी एका वस्तूची भर मला नको होती. आणि स्वस्त हवा. यांनी चार दिवसांनी काढून टाकला तर जीव हळहळायला नको.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर नवी पेठेत गेले. ऊन मी म्हणत होतं. दुकानदार चाळिशीचा, बोलका. त्यानं काउंटरवर एकेक मांडायला सुरुवात केली.

"हे घ्या मॅडम, लई चालतंय हे. ह्यात बीपी बी दिसतंय, ऑक्सिजन बी दिसतंय, फोन आला तर हितनंच उचलायचा."

"आणि किंमत एवढी कमी?"

"ऑफर हाय की."

मी सदतीस वर्षं मुलींच्या वह्या तपासल्यात. ज्या वहीत सगळंच बरोबर असतं तिथं मी दोनदा बघते. त्याच्या काउंटरवर काच पुसायचा टॉवेल पडला होता. मी त्याची सुरळी केली, तो बँड त्याच्याभोवती बांधला आणि बटण दाबलं. थोडा वेळ हिरवा दिवा लुकलुकला आणि नाडी आली. टॉवेलचं बीपीसुद्धा आलं, अगदी उत्तम होतं. दुकानदार आधी गडबडला, मग स्वतःच हसायला लागला. म्हणाला, "असलं कुणी करून बघत न्हाय हो."

मग एकेक करून सगळेच टॉवेलला बांधून बघितले. तोही रंगात आला, स्वतःच बांधून द्यायला लागला. दोन-तीन बँडनी टॉवेल जिवंत असल्याचं सांगितलं. शेवटी एक काळा, साधा, बारीक पट्टा निघाला. त्यात बीपी नाही, फोन नाही, फक्त पावलं, नाडी आणि झोप. आठवड्यातून एकदा चार्ज केला की बास. तो टॉवेलवर दोन रेघा दाखवून गप्प बसला. मी म्हटलं, हाच द्या. माहीत नाही तर माहीत नाही म्हणणारा तो एकटाच होता.

एकदा स्वतःच्या हातात घालून बघितला. आकडा बराच वरचा आला. दुकानदार म्हणाला, "उन्हातनं आलाय की तुमी. जरा पंख्याखाली बसा." मी कुठली बसते. घरी यांचं जेवण राहिलं होतं.

यांनी पट्टा बघितला आणि म्हणाले, "हे काय आता? बैलाला घुंगरू बांधतात तसं?" मी म्हटलं, "बैल निदान चालतो." त्यावर यांनी नुसता हात पुढे केला. रविवारी लेकीनं फोनवरून मला एकेक बटण सांगत ते अ‍ॅप माझ्या मोबाइलवर चालू करून दिलं, यांचं वय, वजन घालून. तिच्या मोबाइलवरही दिसेल अशी सोय केली. आता आम्हा दोघींचं लक्ष यांच्या मनगटावर.

पण आमच्या घरी एक सोवळं असतं. पहाटे उठून अंघोळ करायची, धूत वस्त्र नेसायचं आणि पूजा संपवून घरी येईपर्यंत कशालाही शिवायचं नाही. घड्याळ नाही, पट्टा नाही, पाकीट नाही. रात्रभर अंथरुणात घातलेला पारोसा पट्टा देवाजवळ नेणं यांच्याकडून जन्मात झालं नसतं आणि मी तसं म्हणणारही नव्हते. पहिल्या दिवशी तो न्हाणीच्या खिडकीत काढून ठेवला, तो बादलीत पडला. दुसऱ्या दिवशी कुठं ठेवला ते आठवेना, मी शाळेला जायच्या घाईत घरभर शोधत बसले, शेवटी तुळशीच्या कुंडीमागे सापडला. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "कुठं ठेवू नका. माझ्याकडे द्या." माझे हात पिठाचे. गाऊनला खिसा नाही. "घाला इथंच," म्हटलं आणि मनगट पुढे केलं.

मग तेच रोजचं झालं. यांनी अंघोळीला जाताना पट्टा माझ्या हातात अडकवायचा आणि देवळातून येऊन, चहा पिऊन, काढून घ्यायचा. कधी विसरायचे, मग मी शाळेला निघताना काढून द्यायची. पुढे पुढे रात्रीही तसंच, मग पहाटे द्यायचाही प्रश्न नसायचा. उकाड्यानं पट्ट्याखाली घाम येतो, खाजतं, म्हणून हे झोपेत ओढून काढायचे आणि उशाशी टाकायचे. अंगाखाली येऊन मोडेल म्हणून मी उचलून माझ्या हातात घालायची. घड्याळ कुणाच्याही हातात घातलं तरी तीच वेळ दाखवतं, तेवढाच विचार मी केला होता. आणि पहाटे मी कुठं चालत होते? ओट्यापाशी तर उभी होते. भाकऱ्या थापायच्या, शेंगा कुटायच्या, केर काढायचा, कपडे पिळायचे. त्याला चालणं म्हणतात हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

आकडे मात्र छान यायला लागले. लेक रोज रात्री फोन करायची. "बाबा, आज तर कमालच केलीत." हे खुर्चीत बसून "हं" म्हणायचे. मला वाटलं, चला, माणूस सुधारला. मी विचारायचं सोडून दिलं. खरं सांगते, त्या दोन-तीन महिन्यांत मला जरा हलकं वाटलं. थकवा होताच, पण काळजीचा नव्हता, नुसता कामाचा होता, आणि त्याची मला सवय होती.

तपासणीची तारीख आली तेव्हा मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढली. डॉक्टरांनी यांचा ईसीजी काढला, छाती तपासली, वजन केलं. वजन वाढलं होतं. म्हणाले, "चालताय ना?" हे म्हणाले, "चालतो की." आणि मी मोठ्या दिमाखात पर्समधून मोबाइल काढून पुढे ठेवला. या एका गोष्टीचा पुरावा माझ्याकडे होता.

डॉक्टर बोटानं वर-खाली करत राहिले. मग एका जागी थांबले.

"पहाटे पाच ते सात काय करतात हे?"

"पूजा."

"पूजेत नाडी एवढी चढते? बसूनच ना?"

ते पुढे म्हणाले, "आणि झोप अशी का? सारखे उठतात. झोपेतसुद्धा नाडी खाली येत नाहीये. असं बरेच दिवस दिसतंय."

पुन्हा ते दवाखान्याचे दिवस, पुन्हा ती बाकडी, पुन्हा लेकीला रडत केलेले फोन. मला वाटलं, आता माझ्याच्यानं नाही होणार. मी एवढंच म्हटलं, "म्हणजे परत ब्लॉक?"

"ईसीजी तर चांगला आहे यांचा," डॉक्टर म्हणाले. त्यांना स्वतःलाच मेळ लागत नव्हता.

यांनी माझ्याकडे हात केला. मी पर्समधून यांचा चष्मा काढून दिला. चष्मा लावून बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पहाटे हे माझ्या हातात नसतं. सोवळं असतं माझं. तेव्हा हिच्या हातात असतं."

"आणि रात्री?"

"रात्रीही हिच्याच."

डॉक्टरांनी पुन्हा मोबाइल उचलला. आता संध्याकाळचा भाग बघितला. तिथं फारसं काहीच नव्हतं. घरापासून कट्ट्यापर्यंत आणि कट्ट्यापासून घरापर्यंत, एवढंच असणार ते. भाकरी थापताना हात हलतो, तेही हा पट्टा पावलं म्हणून धरू शकतो, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे लेकीनं ज्याचं कौतुक केलं ते चालणं माझ्या ओट्यावर झालं होतं. माझा संताप झाला. परक्या माणसासमोर मी यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला.

"म्हणजे तुम्ही चालतच नव्हता. ती पोर रोज शाबासकी देत होती, ती बरी ऐकून घेतलीत."

"चालत होतो की थोडं," हे खाली बघत म्हणाले.

"बाई, ते घरी गेल्यावर," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही जरा इकडे बसा."

यांनी खुर्ची सोडली आणि मी बसले. डॉक्टरांनी विचारलं, "काय काय त्रास होतो?"

मी म्हणाले, "यांना ना, सकाळी उठल्यावर जरा—"

"यांचं नाही विचारत. तुमचं."

यांची औषधं मला तोंडपाठ होती. कुठली जेवणाआधी, कुठली नंतर, कुठल्या गोळीनं खोकला येतो. स्वतःचं सांगायचं म्हटल्यावर काय सांगायचं ते सुचलंच नाही. "काही नाही," म्हटलं. "दमायला होतं जरा. या वयात सगळ्यांनाच होतं." आणि दमायला होतं हे नुसतं उच्चारल्यावरच डोळ्यांत पाणी आलं, त्याची मला फार लाज वाटली.

डॉक्टरांनी माझी खालची पापणी ओढून बघितली. पायाच्या घोट्यावर अंगठा दाबला आणि उचलला. तिथं खळगा पडला तो तसाच राहिला. त्यांनी कागदावर लिहायला घेतलं, रक्ताच्या तपासण्या, एको, म्हणाले आजच करून घ्या, उद्यावर नको. मी म्हटलं, उद्या शाळेत चाचणी आहे. त्यांनी वरही बघितलं नाही.

"जिना चढताना धाप लागते का?"

"नाही," मी म्हणाले. खोटं नव्हते बोलत, मला खरंच तसं वाटत होतं.

"लागते," हे मागून म्हणाले. "आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. कुठून बरोबर आलो की मधल्या वळणावर ही कठड्याला धरून उभी राहते, दरवेळी. मला वाटायचं, माझ्यासाठी थांबते."

मलाही तसंच वाटत होतं.