ओझरची कौलं

चहाचा कप पुढे केला की मिस्त्रीकाका तळहात आडवा धरायचे. टांगा अडवणाऱ्या पोलिसासारखा. "फुकटचं नाय बरं. आधी काम सांग."

काम नाही म्हटलं तर शोधायचे. माझी बायको एकदा नुसतं "बसा, मिस्त्रीकाका" म्हणाली, तर बसण्याआधी त्यांनी दाराची बिजागरी ठोकली, चुलीचा ओटा लिंपला आणि आमची शेळी धुऊन काढली. पुढे शेळी त्यांना लांबून पाहिलं तरी पळायची. मी थोडं वाढवून सांगतो म्हणतात, पण शेळीचं खरं आहे.

ते गवंडी. एकटा जीव. शरणपूरच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीत, एकोणीसशे तीसच्या पुढच्या त्या सालांत, त्यांची भिंत आणि माझी भिंत एकच. असा माणूस तुमच्याही आळीत असेल: सगळ्यांचं करतो आणि कुणाचं घोटभर घेत नाही. आपण त्याला गुणी म्हणतो आणि मोकळे होतो.

त्यांचं वाकडं होतं ते पाळकसाहेबांच्या उपदेशाशी. पाळकसाहेब सांगायचे, कर्मं करून कोणी देवापुढे नीतिमान ठरत नाही. विश्वास ठेवावा, देव ते देणगी म्हणून देतो. देणगी म्हटलं की मिस्त्रीकाका मागच्या बाकावर चुळबुळायचे आणि सोमवारी चुन्याची बादली घेऊन देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, भिंतीला भिडायचे. एका उन्हाळ्यात पाळकसाहेबांनी हाच विषय इतका लावून धरला, की चुन्याचे थर चढून चढून देऊळ आतून लहान झालं. अंगाने भरलेली मंडळी तिरकी होऊन आत शिरायची.

हा किस्सा मी वस्तीभर सांगत असे. एकदा उपासना सुटल्यावर देवळाच्या पायऱ्यांवर रंगात आलो होतो, लोक पोट धरून हसत होते, आणि मिस्त्रीकाका मागेच उभे. मी गप्प बसायला हवं होतं. मला उलट चेव आला.

"काय मिस्त्रीकाका, एवढा चुना लावता, पण प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढे येत नाही! कडू लागते का?"

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत.

"मोठ्या दुष्काळात विंचूरकडून आलो मी. मिशनच्या दारात कण्यांची पेज मिळायची. ती प्यालो नि ख्रिस्ती झालो. देवासाठी नाय रे आलो, पेजेसाठी आलो. या घरात एकदा फुकट जेवलोय. आता कमावल्याबिगर नाय."

सगळ्यांना एकदम आपापल्या चपला दिसू लागल्या. आमच्यातल्या निम्म्यांचे आईबाप त्याच पेजेवर जगले होते. माझे तर दोघंही.

पुढे ते परांचीवरून पडले. कमरेखालचं अंग गेलं. काम करता येईना, म्हणून खाईनात. कप नेला की तोच आडवा तळहात.

"नको लेका. लाज वाटती."

पाळकसाहेब समजावून दमले. मग मी ठरवलं, इथे खरं बोलणाऱ्याचं काम नाही.

"मिस्त्रीकाका, ओझरच्या माझ्या मामाने दूध पाठवलंय, त्याचा हा चहा. तुम्ही त्याची वादळात उडालेली कौलं परतून दिली होती ना? मजुरीला थांबला नाहीत म्हणे."

ते माझ्याकडे बघत राहिले. "वादळ लय मोठं होतं का?"

"मोठं? मामाची म्हैस छपरावर जाऊन बसली होती! तुम्हीच उतरवलीत. हे तिचंच दूध."

तळहात हळूहळू खाली गेला. ते चहा प्याले.

मग रोज चहा आणि रोज ओझर. मामाचं घर दुमजली झालं, कौलं वाढली, म्हैस व्याली. मी मनात खूश, काय बेमालूम फसवलंय म्हातारबाला!

एका रविवारी त्यांनी कप रिकामा करून माझ्या हातात दिला.

"लेका, म्हशीच्या दुधाला शेळीचा वास येत नाय. तुझी शेळी मी धुतलेली हाय."

माझे कान तापले.

"ओझरला माझा पाय कधी लागला नाय. पहिल्या दिवशीच कळलं. तरी प्यालो. रोज फुकटचं पितोय, रोज लाज वाटती, नि उद्या पुन्हा तुझी वाट बघतो." मग म्हणाले, "पाळकसाहेबांना सांग, ती भाकर हिकडं घेऊन या म्हणावं."

उपासना आटोपून पाळकसाहेब आले. मिस्त्रीकाकांनी हात पुढे केला. तळहात उताणा होता. चुन्याने खाल्लेला, भेगाळलेला. इतक्या वर्षांत तो हात उताणा मी प्रथमच पाहिला, आणि मला तिथे उभं राहवेना.

पावसाआधी ते गेले. देवळाला त्या साली चुना लागला नाही. पावसाळ्यात भिंतींचे पोपडे सुटले. ओझरची गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. रविवारी मागच्या बाकावर त्यांच्या जागी बसतो. प्रभुभोजनाला कुणाचं नाव पुकारत नाहीत, सगळेच उठतात, म्हणून मीही उठून पुढे जातो. पाळकसाहेब भाकर घेऊन समोर येतात आणि माझा तळहात आधी आडवाच होतो.