बारगिराची सायकल

जयसिंहराव निकम पडले ते हजिऱ्याच्या चौकात. भाजीच्या टेम्पोवाल्यानं मागं न बघता दार उघडलं आणि हे सायकलीसकट त्यावर आदळले. गळ्याजवळचं हाड मोडलं, सहा आठवडे हात झोळीत राहिला. त्या सहा आठवड्यांत सुधाताईंनी सायकलीला साखळी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या कमरेच्या जुडग्यात अडकवली.

"टेम्पोनं पाडलं, सायकलीनं नाही," जयसिंहराव म्हणत.

"हाड कुणाचं मोडलं? टेम्पोचं?" सुधाताई विचारत.

जयसिंहराव बासष्ट वर्षांचे. वीजखात्यात तेहतीस वर्षं लाइन तपासण्यात गेली, बहुतेक पायी, तिघऱ्याच्या तलावाभोवतालच्या जंगलात, टॉवरच्या तारांखालून. त्या वाटा त्यांना पाठ होत्या. कुठं मुरूम आहे, कुठं गोटे, कुठल्या नाल्याला पावसाळ्यानंतरही गुडघाभर पाणी असतं, सगळं. निवृत्त झाल्यावर त्यांनी ग्रॅव्हल बाईक घेतली. दिसायला शर्यतीची, पण टायर जाड, खडीवर, मातीवर पळणारी. गेल्या दिवाळीत ती घरी आली. तेव्हापासून शहर झोपेत असताना ते धरणापर्यंत जात आणि भिंतीपलीकडं कच्च्या वाटेला लागत. तिथं हॉर्न नाही, धूर नाही. करधईची झाडं, डाव्या हाताला पाणी, आणि टायरखाली खडीचा एकसारखा आवाज. घरात बोलायला न जमणारा हा माणूस तिथं स्वतःशी बरंच बोले.

सुधाताईंचं माहेर शिलेदारांचं. म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणाऱ्यांचं. निकम बारगीर, सरकारी घोड्यावर बसणारे. फौजा जाऊन किती पिढ्या झाल्या, पण हा हिशेब सुधाताई विसरल्या नव्हत्या.

"सात पिढ्यांत पहिल्यांदा स्वतःचं घोडं घेतलंत," त्या म्हणाल्या, "आणि चार महिन्यांत त्याच्यावरून पडलात. सवय नाही ना घराण्याला."

दसऱ्यासाठी मुलगा सौरव दोन दिवस आधी भोपाळहून आला, तेव्हा विषय निघालाच. सौरव म्हणाला, सायकल मी घेऊन जातो, इथं नजरेसमोर राहिली की आबांचं मन होणारच. सुधाताईंनी मान हलवली. जयसिंहराव म्हणाले, "दसऱ्याला सीमोल्लंघन असतं. मला तलावाची एक पूर्ण फेरी करू दे. कच्च्या वाटेनं, एकट्यानं. चाळीसेक किलोमीटर. सौरवनं भिंतीपाशी गाडी घेऊन थांबावं. मी जंगलात पडलो, किंवा त्याला बोलवावं लागलं, तर सायकल त्याची. चारपर्यंत भिंतीला परत आलो तर किल्ली माझी."

"आबा, पण फोन करावा लागला तर करून टाका हं," सौरव म्हणाला. "इज्जत थोडीच जाणार आहे."

"करीन," जयसिंहराव म्हणाले. पण फोन करायचा नाही, हे त्यांनी मनात तेव्हाच ठरवलं होतं.

आदल्या दिवशी खंडेनवमी. निकमांच्या घरात एक तलवार आहे, म्यान केव्हाच गेलेलं. तिची पूजा सुधाताईंच्या हातची, सासूनं शिकवलेली. आधी पातं तिळाच्या तेलानं पुसायचं, कारण या घरात पोलाद कोरडं ठेवत नाहीत. मग कुंकू, मग फुलं. सायकलीचा हा पहिलाच दसरा. साखळी काढून त्यांनी ती अंगणात उभी केली, हँडलला झेंडूची माळ घातली. जयसिंहराव तेव्हा टायरमध्ये हवा भरायला पंप शोधत होते. त्यांनी पूजा पाहिली ती अगदी शेवटी, हात जोडण्यापुरती.

दसऱ्याला सकाळी दहा वाजता सौरवनं त्यांना भिंतीपाशी उतरवलं. तलाव काठोकाठ होता. पहिले बारा किलोमीटर सपाट, पाण्याच्या कडेनं. ब्रेक दाबायची वेळच आली नाही. छाती भरून येत होती, पाय जुन्या ओळखीनं फिरत होते. तेराव्या किलोमीटरला वाट टेकडीवर चढली आणि पलीकडं नाल्यात उतरली.

उतारावर त्यांनी दोन्ही ब्रेक दाबले. चाकं किंचाळली, पण थांबली नाहीत. त्यांनी आणखी जोर लावला. सायकल गोट्यांवरून उड्या मारत खाली निघाली. वळणावर त्यांना कळलं, आता नाला किंवा झुडूप. त्यांनी झुडूप घेतलं.

उठल्यावर पहिल्यांदा त्यांनी खांदा चाचपला. शाबूत होता. पँट गुडघ्याला फाटली होती, कोपरावर रक्त होतं. ते दगडावर बसले आणि सायकल आडवी घेतली. चाकाच्या मध्याशी पोलादाची पातळ चकती असते. ब्रेक दाबला की दोन बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत धरतात. चकती लखलखत होती. त्यांनी बोट फिरवलं, नाकाशी नेलं. तीळ. पुढच्या चकतीवर पाच बोटांचं कुंकू, नीट ओळीनं, तेलात भिजून ओघळलेलं.

सुधाला ती चकती पात्यासारखी दिसली असणार. तिनं पोलाद कोरडं ठेवलं नाही.

फोनला रेंज होती. ते बराच वेळ त्याच्याकडं बघत बसले. जंगलानं मला कधी पाडलं नाही, हे वाक्य त्यांनी घरात शंभरदा म्हटलं होतं. आता ते खोटं झालं होतं का? पडलो तर सायकल त्याची, हे शब्द त्यांचेच. त्यांनी झुडपाकडं पाहिलं. मी पडलो नाही, झुडपात शिरलो, असं ते स्वतःशी म्हणाले, आणि त्यांनाच ते फारसं पटलं नाही. पण फोन खिशात गेला.

नाल्यापलीकडं गुरं राखणाऱ्या गुजरांची एक झोपडी होती. चुलीशी एक म्हातारी बसली होती. जयसिंहरावांनी सायकल ढकलत नेली आणि राख मागितली.

म्हातारीनं त्यांच्या कोपराकडं पाहिलं, सायकलीकडं पाहिलं. "बर्तन माँजोगे का?"

"हाँ अम्मा. ऐसा ही समझो."

तिनं राख दिली, वर एक चिंधी आणि लोटाभर पाणी. जयसिंहरावांनी चाकं काढली. मागची चकती राखेनं घासली, धुतली, पुन्हा घासली. पुढच्या चकतीपाशी हात थांबला. बायकोनं लावलेलं कुंकू नवऱ्यानं आपल्या हातानं पुसायचं, तेही दसऱ्याला. हे तिला कसं सांगायचं? म्हातारी चुलीपाशी बसून बघत होती. त्यांनी डोळे मिटले नाहीत, देवाचं नाव घेतलं नाही. राख घेतली आणि पाची बोटं पुसून काढली. मग पॅड काढून खरबरीत दगडावर घासले, वरचा काळा थर जाऊन आतला खडबडीत भाग दिसेपर्यंत.

ब्रेक लागू लागला. पूर्वीसारखा नाही, पण चाक अडत होतं. घड्याळात बारा वाजून गेले होते. उरले सत्तावीस किलोमीटर.

पुढचे दोन उतार ते सायकलीवरून उतरून, तिला हाताशी धरून चालले. बारगिरांची ती रीतच असल्याचं आजोबा सांगत: घोडा सरकारचा, त्याचे पाय मोडले तर जाब द्यावा लागे, म्हणून उतारावर खाली उतरायचं. घोडा स्वतःचा असला तरी रीत वाईट नव्हती. सपाटीवर ते मान खाली घालून पायडल मारत राहिले. मांड्या भरून आल्या. पाणी संपलं. तीनच्या सुमाराला टॉवरची ओळ दिसली, तिच्याखालची वाट त्यांनी तेहतीस वर्षं तुडवली होती. तिथून त्यांनी वर पाहिलंच नाही.

चारला दहा मिनिटं कमी असताना ते भिंतीवर चढले. सौरवनं गुडघा पाहिला आणि गाडीचं दार उघडलं. "बैठिए आबा," एवढंच म्हणाला.

घरी सुधाताई ताट घेऊन उभ्या होत्या, शमीच्या पूजेला निघायचं होतं. त्यांनी आधी नवऱ्याचं कोपर पाहिलं, मग सायकल. नजर पुढच्या चाकावर थांबली.

"कुंकू पुसलंत?"

"पुसलं," जयसिंहराव म्हणाले. "तेलानं ब्रेक लागेना. उतारावर झुडपात शिरलो. पडलो म्हण हवं तर. सौरवला बोलवलं नाही, पण पडलो. तेव्हा बोलल्याप्रमाणं सायकल त्याची."

सौरव काही म्हणणार होता. सुधाताईंनी हात वर केला. ताट कट्ट्यावर ठेवून त्या सायकलीपाशी वाकल्या, चकतीवर बोट टेकवलं. कोरडी होती.

"हे मी केलं," त्या म्हणाल्या. "मी पाडलं तुम्हाला."

"तुला काय माहीत. मी तरी कुठं बघितलं."

"सायकल घेणाऱ्यानं बघायला नको?"

"हवं होतं."

सुधाताईंनी कमरेचं जुडगं सोडलं. किल्ली वेगळी करायला नखं पुरेनात, तेव्हा सगळं जुडगंच हँडलला अडकवलं. मग कुंकवात बोट बुडवलं आणि सायकलीवर कुठं टेकवावं ते कळेना म्हणून हवेतच धरलं.

"इथं चालतं?" हँडलच्या मधल्या भागाशी बोट नेत त्यांनी विचारलं.

"तिथं चालतं."

"आणि तेल?"

"तेल पायडलच्या साखळीला. मी दाखवतो."

सौरवनं गाडीची मागची सीट सायकलसाठी पाडून ठेवली होती. ती तो निमूटपणे पुन्हा उभी करू लागला.